खुर्चीआधी स्वतःचे माप घ्या

घरून काम करणाऱ्यांनी कोणती खुर्ची घ्यावी, या विषयावर या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. तिन्ही पत्रे सोलापूर शहरातील आहेत. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेक घरांत आढळणारी असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि गेली तीन वर्षे घरूनच काम करीत आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, त्याच टेबलाच्या लाकडी खुर्चीत रोज आठ-नऊ तास बसते. माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे भरून येतात, कंबर धरते आणि पायांना मुंग्या येतात. यजमानांनी उंच पाठीची, डोक्याला उशी असलेली, रेक्झिनची ‘बॉस चेअर’ ऑनलाइन पाहून ठेवली आहे. ती आठ हजारांच्या आत बसते. आमची खोली वरच्या मजल्यावर असल्याने उन्हाळ्यात कूलर लावूनच काम करावे लागते. ही खुर्ची घ्यावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ही खुर्ची घेऊ नका, असे मी तुम्हाला स्पष्टपणे सांगेन. पाच फूट आठ-दहा इंच उंचीच्या माणसाला ती कदाचित छान बसेल. तुमच्या शरीराला ती मोठी होईल आणि आज जो त्रास होतो आहे, तोच थोड्या वेगळ्या ठिकाणी पुन्हा सुरू होईल.

खुर्चीचा विचार करण्याआधी शिवणकामाची टेप घ्या आणि घरातील कोणाला तरी तुमची तीन मापे घ्यायला सांगा. अनवाणी बसून, पाऊल पूर्ण टेकवून, गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर हे पहिले माप. पाठ भिंतीला टेकवून बसल्यावर भिंतीपासून लवणीपर्यंतचे अंतर हे दुसरे. खांदे सैल सोडून हात कोपरात काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची हे तिसरे. तुमच्या उंचीला ही मापे अनुक्रमे ३७-३८, ४३-४४ आणि २०-२१ सेंटिमीटरच्या आसपास यावीत. पण माणसामाणसांत फरक असतो, म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबून न राहता टेप लावून खात्री करा.

आता ही मापे तुमच्या जेवणाच्या टेबलाशी लावून पाहू. आपल्याकडील टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते आणि त्याच्या खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटरवर असते. त्या खुर्चीत बसल्यावर तुमचे कोपर जमिनीपासून ६५-६६ सेंटिमीटरवर येते, म्हणजे टेबल कोपरापेक्षा नऊ-दहा सेंटिमीटर उंच राहते. टंकलेखन करण्यासाठी तुम्ही दिवसभर खांदे तेवढे उचलून धरता, आणि म्हणून ते संध्याकाळी भरून येतात. त्याच वेळी पाऊल जमिनीपासून सात सेंटिमीटर वर लोंबकळते, मांडीचा सगळा भार बैठकीच्या पुढच्या कडेवर येतो आणि मुंग्या येऊ लागतात. तुमच्या पत्रातील दोन तक्रारींचे कारण असे केवळ टेपने सापडते, आणि ते जितके खुर्चीत आहे तितकेच टेबलात आहे. टेबल तसेच ठेवून नुसती खुर्ची बदललेल्या अनेक भगिनी चार महिन्यांनी तीच तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या आहेत. खुर्चीचा खर्च करण्याआधी टेबल मोजा, असे मी प्रत्येकीला कळकळीने सांगते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास विसरली जाते. कार्यालयीन खुर्च्यांची मापे ठरवताना बसणाऱ्याच्या पायांत बूट आहेत असे गृहीत धरलेले असते, तर आपण घरात अनवाणी बसतो. बुटाच्या टाचेचे दोन-अडीच सेंटिमीटर येथेच कमी होतात. बाजारातील बहुतेक हायड्रॉलिक खुर्च्यांची बैठक साधारण ४२ ते ५२ सेंटिमीटर या पल्ल्यात वरखाली होते. म्हणजे सर्वांत खाली आणली तरी तुमच्या पायांखाली चार-पाच सेंटिमीटरची पोकळी उरते. ही पोकळी भरून काढायला स्वयंपाकघरातील लाकडी पाट पुरतो. फूटरेस्ट विकत घेण्याची गरज नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आठ हजारांतील काही रक्कम बाजूला काढून सुताराकडून ६२-६३ सेंटिमीटर उंचीचे, खाली ड्रॉवर नसलेले, साधे टेबल करून घ्यावे. ड्रॉवर असला की मांड्या अडकतात आणि पुन्हा खुर्ची खाली न्यावी लागते. खुर्ची ४२ सेंटिमीटरवर, पायांखाली पाट आणि टेबल ६३ सेंटिमीटरवर अशी रचना केली की कोपर, मनगट आणि कीबोर्ड एका पातळीत येतील. जागेअभावी जेवणाच्या टेबलावरच काम करावे लागणार असेल, तर खुर्ची ५२ सेंटिमीटरपर्यंत वर घेऊन पायांखाली १४ सेंटिमीटर उंचीचा भक्कम आधार द्यावा लागेल. बुटका चौरंग त्यासाठी चालतो, मात्र तो फरशीवर सरकू नये म्हणून त्याच्या पायांना रबर लावून घ्या.

बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचे अंतर, हे खुर्चीतील सर्वांत दुर्लक्षित माप आहे, आणि यजमानांनी पाहिलेली खुर्ची मी नाकारते ती मुख्यतः याच कारणासाठी. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे जातील एवढी जागा हवी. तुमच्या मापाला त्याचा अर्थ ३८ ते ४० सेंटिमीटर खोलीची बैठक असा होतो. बॉस चेअरची बैठक बहुधा ४८-५० सेंटिमीटर खोल असते. तिच्यात तुम्ही पाठ टेकवली तर कड लवणीत रुतेल, आणि कड टाळण्यासाठी पुढे सरकलात तर पाठीला आधारच राहणार नाही. अशा खुर्चीत बसणारी बुटकी व्यक्ती नकळत पुढे सरकते आणि दिवसभर स्टुलावर बसल्यासारखी बसते. खुर्चीची ती भव्य पाठ मागे रिकामी उभी असते. ऑनलाइन माहितीत अनेकदा संपूर्ण खुर्चीची खोली दिलेली असते आणि ग्राहक तिलाच बैठकीची खोली समजतात, म्हणून विक्रेत्याला नेमके बैठकीचे माप विचारा. बैठक पुढेमागे सरकवण्याची सोय असलेली खुर्ची मिळाली तर उत्तमच, परंतु तुमच्या रकमेत ती मिळणे कठीण आहे. त्यापेक्षा लहान बैठकीची, मध्यम पाठीची, साधी खुर्ची शोधणे शहाणपणाचे ठरेल.

उंच पाठीच्या खुर्चीत दुसरीही अडचण येते. कंबरेला आधार देणारा तिचा फुगवटा उंच माणसाच्या कंबरेच्या हिशेबाने बसवलेला असतो. तो तुमच्या बरगड्यांवर येईल आणि डोक्याची उशी डोके पुढे ढकलेल. कंबरेचा आधार आपण कमरपट्टा जेथे बांधतो त्या पातळीवर किंवा तिच्या किंचित वर हवा, आणि तो वरखाली करता आला पाहिजे. ही सोय नसलेल्या खुर्चीवरही एक उत्तम उपाय आपल्या शहरात घरोघरी आहे. सोलापुरी टर्किश टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, दोन्ही टोकांना नाडी बांधा आणि ती खुर्चीच्या पाठीला कंबरेच्या उंचीवर बांधून टाका. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी कंबरदुखीच्या रुग्णांसाठी अशाच गुंडाळीचा आग्रह धरला आणि पुढे ती जगभर वापरली जाऊ लागली. खुर्ची येईपर्यंत तुमच्या लाकडी खुर्चीवर आजपासूनच हे करून पाहा. खोल बैठकीच्या खुर्चीत या गुंडाळीमुळे पाठ थोडी पुढे येते, हा जास्तीचा फायदा.

पाठ मागे किती कलते, हेही पाहिले पाहिजे. ‘ताठ बसा’ असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असले, तरी आठ तास काटकोनात ताठ बसणे कोणालाही साधत नाही, आणि त्याची गरजही नाही. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसॉन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या कंबरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. आधाराविना बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरतो, असे त्यांना आढळले. १९९०च्या दशकात जर्मनीत झालेल्या मोजणीत बसणे आणि उभे राहणे यांतील हा फरक तसा दिसला नाही. परंतु पुढे वाकून बसल्यावर दाब वाढतो आणि मागे टेकून सैल बसल्यावर तो कमी होतो, याबाबत दोन्हींचा कौल एकच आहे. त्यामुळे पाठ बैठकीशी १०० ते ११० अंशांचा कोन करील इतपत मागे झुकणारी आणि तुमच्याबरोबर मागेपुढे होणारी खुर्ची घ्या. खुर्चीखाली समोरच्या बाजूला एक गोल मूठ असते. ती फिरवून खुर्चीच्या पाठीचा ताण तुमच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. ती वर्षानुवर्षे न फिरवलेल्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. कमी वजनाच्या व्यक्तीने ती सैल केल्याशिवाय पाठ मागे जातच नाही, आणि मग खुर्चीच कडक आहे असा समज होतो.

रेक्झिनविषयी थोडक्यात सांगते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. अशा दिवसांत रेक्झिनला घाम चिकटतो आणि माणूस सारखा चुळबुळ करतो. त्यात कूलरचा ओलावा आला की कृत्रिम चामड्यावरील पॉलियुरेथेनचा थर हळूहळू सुटून त्याचे पापुद्रे निघू लागतात. पाठ जाळीची आणि बैठक कापडी आवरणाच्या घट्ट फोमची, ही जोडी आपल्या हवेला सर्वांत योग्य आहे. फोम मुठीने दाबून पाहावा. खालची फळी हाताला लागली तर तो फोम वर्षभरात दबून बसेल. खुर्चीचे हात वरखाली होणारे असावेत आणि ते टेबलाखाली सरकले पाहिजेत, नाहीतर ते खुर्ची टेबलापासून दूर ठेवतात आणि तुम्ही पुन्हा पुढे वाकता. हात निश्चित उंचीचे असतील, तर ते न बसवता खुर्ची वापरणे अधिक चांगले.

मानेचा त्रास मात्र कोणत्याही खुर्चीने जाणार नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात योग्य उंचीवर आले की नजर खाली जाते आणि पडदा वर घेतला की हात वर जातात. वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणा. पडदा हातभर अंतरावर असावा. हा खर्च खुर्चीच्या मानाने किरकोळ आहे आणि मानेला त्याचा आराम आठवड्याभरात जाणवतो, म्हणून माझ्या मते तो सर्वांत आधी करावा.

खुर्ची दुकानात जाऊन, टेप बरोबर नेऊन, चप्पल काढून आणि निदान वीस मिनिटे बसून मगच घ्या. दुकानदाराला याचे आश्चर्य वाटले तरी संकोच करू नका. रोज आठ तास जिच्यात काढायचे, तिला वीस मिनिटे देणे मुळीच जास्त नाही. घरी आणल्यावरही दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठा. फोन आला की उभे राहून बोला.

शेवटी पायांच्या मुंग्यांविषयी. उठून चालल्यावर त्या काही मिनिटांत जात असतील, तर वर सांगितलेल्या बदलांनी त्या थांबायला हव्यात. परंतु वेदना कंबरेतून एकाच पायात खालपर्यंत उतरत असेल, पाय बधिर किंवा दुबळा वाटत असेल, तर खुर्चीची खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा; आणि लघवी-शौचावरील ताबा कमी झाल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून वजन १०५ किलो आहे. मी घरी बसून हिशेबाची आणि करविवरणाची कामे करतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेली फिरती खुर्ची आता बसल्यावर आपोआप खाली जाते. हायड्रॉलिकमध्ये तेल भरून मिळते का? शिवाय ती गुळगुळीत टाइल्सवर मागे पळते. नवी घेतल्यास काय पाहावे?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : आपण त्याला हायड्रॉलिक म्हणत असलो, तरी त्या नळकांड्यात दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू असतो. तो पुन्हा भरता येत नाही. ते नळकांडे उघडणे, तापवणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे अत्यंत धोकादायक आहे, आणि कोणी तसे करून देतो म्हणाले तरी करू देऊ नका. आतील सील गेले की खुर्ची खाली येऊ लागते. त्यावर संपूर्ण नळकांडे बदलणे हाच उपाय आहे. खुर्चीचा बाकीचा सांगाडा भक्कम असेल, तर कार्यालयीन फर्निचरची दुरुस्ती करणारा कारागीर ते बदलून देईल, आणि नवी खुर्ची घेण्यापेक्षा हे पुष्कळच स्वस्त पडते. बदलताना ‘क्लास ४’चे नळकांडे मागा, त्याची भिंत जाड असते.

मात्र त्याआधी खुर्ची उलटी करून तिचा पाच पायांचा तळ नीट तपासा. तो प्लॅस्टिकचा असेल आणि मधल्या भोकाजवळ पांढरट रेषा किंवा बारीक चीर दिसत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. तुमच्या वजनाला धातूचा तळ आणि निदान १२० किलोंची घोषित क्षमता असलेली खुर्ची घ्यावी. बैठक जाळीची न घेता घट्ट फोमची घ्या. जास्त वजनाखाली स्वस्त जाळी मध्यभागी झोळीसारखी होते आणि कडेची चौकट मांड्यांना टोचू लागते.

खुर्ची पळते ती चाकांमुळे. सर्वसाधारण खुर्च्यांबरोबर येणारी कडक नायलॉनची चाके गालिच्यासाठी ठीक असतात. टाइल्ससाठी मऊ रबरी आवरणाची चाके मिळतात आणि ती जुन्या खुर्चीलाही बसतात. हिशेबाचे काम एका जागी बसूनच होत असेल, तर चाकांऐवजी स्थिर बुडे बसवून घेतलेली बरी. ज्यांच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, त्यांनी तर हेच करावे, कारण फरशीच्या सांध्यांत लहान चाके अडकतात आणि उठताना खुर्ची कलंडण्याची भीती असते.

प्रश्न : माझी आई गेली तीस वर्षे जमिनीवर बसून विड्या वळते. मी हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. खोली एकच असल्याने टेबल-खुर्ची ठेवायला जागा नाही. आई म्हणते की खाली बसून काम करायला खुर्ची कशाला लागते? तिचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : तुमच्या आईंचे म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर आहे. जमिनीवर बसणे मुळात वाईट नाही. माणूस मांडी बदलतो, एक पाय लांब करतो, उठबस करतो, आणि एवढी हालचाल खुर्चीत क्वचितच होते. पेढीवरचे दिवाणजी गादीवर बसून, भिंतीला टेकून, उतरत्या डेस्कवर खातेवह्या लिहीत असत. त्यांच्या बैठकीतील तीन गोष्टी तुम्हाला हव्या आहेत : बुडाखाली उंची, पाठीला भिंत आणि कामाला डेस्क. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलात, तर मात्र यांतील एकही गोष्ट साधत नाही आणि मान खाली लटकते.

सोलापुरी चादरीच्या घड्या घालून हातभर रुंद आणि दहा-बारा सेंटिमीटर उंच अशी घट्ट बैठक करा आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसून मांडी घाला. गुडघे कंबरेपेक्षा खाली गेले की कंबरेचा नैसर्गिक बाक आपोआप येतो. सपाट सतरंजीवर बसल्यावर तो नाहीसा होतो आणि पाठ गोल होते. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवा. समोर तुमच्या कोपराच्या उंचीचा बुटका डेस्क सुताराकडून करून घ्या, त्यावर वेगळा कीबोर्ड ठेवा आणि लॅपटॉप डेस्कच्या मागच्या बाजूला खोक्यावर उंच करा. काम संपले की हे सगळे भिंतीशी उभे करून ठेवता येईल. गुडघे दुखत असतील किंवा बसल्या जागेवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागत असेल, तर मात्र ही बैठक तुमच्यासाठी नाही. मग घडीचे टेबल आणि साधी बिनचाकांची खुर्ची पाहावी.

तुम्ही आईंच्या त्रासाविषयी काही लिहिलेले नाही, पण आपण होऊन त्यांना विचारा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे विडी कामगार भगिनी तास-दोन तास न उठता सुपावर वाकून बसतात, आणि त्यांतील कितीतरी जणींची मान, कंबर आणि अंगठ्याचा सांधा दुखत असतो. दुखणे अंगवळणी पडल्याने त्या ते कोणाला सांगत नाहीत. चादरीची बैठक एकाऐवजी दोन करा. आईंची जागा भिंतीला लागून करून द्या, सूप मांडीवर ठेवण्याऐवजी पाटावर किंवा लहान चौरंगावर, त्यांच्या कोपराच्या किंचित खाली येईल असे ठेवा आणि पाने कापताना उजेड समोरून येईल असे पाहा, म्हणजे त्यांना वाकावे लागणार नाही. तुम्ही दर अर्ध्या तासाने उठाल, तेव्हा त्यांनाही हाक मारून उठवा.